यादीतला सहावा

बुधवार, ११ नोव्हेंबर
संध्याकाळचे पावणेसात

प्रिय आत्या,

नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? इकडे बाबांचा खोकला गेला. आईने खिडकीचे पडदे बदललेत आणि कुणीच काही बोललं नाही म्हणून ती दोन दिवस फुगून बसली होती. तुला दिसले असते तर तू आल्या आल्या बोलली असतीस.

आधी एक दुरुस्ती. बावीस ऑक्टोबरच्या पत्रात मी लिहिलं होतं की वरच्या बाईंनी फोन दाखवायला टाळाटाळ केली. ते खोटं आहे. त्यांनी मागताक्षणी फोन दिला. ते पत्र ठेवलं असशील तर त्या वाक्यावर रेघ मार. एकच, तू शिकवलीस तशी, खालचं वाचता येईल अशी.

सगळं पुन्हा क्रमाने लिहिते. क्रम धरला की मला लपायला जागा राहत नाही.

आपलं नेट संथ झालं होतं आणि बाबांचे नकाशे पाठवताना मध्येच अडकत होते. म्हणून मी बाबांच्या कॉम्प्युटरवर राउटरची यादी उघडली. आपल्या वायफायवर कोणकोणती उपकरणं आहेत ते तिथे दिसतं. घरात माझ्या मोजणीने पाच: बाबांचा कॉम्प्युटर, बाबांचा फोन, टीव्ही, प्रिंटर आणि माझा फोन. यादीत सहा होती. पाचांना नावं होती, माझ्यापुढे तर 'मुंगीचा फोन' असं स्वच्छ लिहिलेलं. सहाव्याला नाव नव्हतं, नुसते आकडे आणि अक्षरं.

मी वही घातली. आठ दिवस नोंदी केल्या. मी घरी नसताना बाबांना फोन करून विचारायची. सहावा सकाळी साडेआठला जायचा आणि संध्याकाळी सव्वासहाला यायचा. वरच्या खोलीतल्या भाडेकरू बाई चष्म्याच्या दुकानात आहेत हे तुला माहीत आहे. त्या साडेआठला निघतात, सहाच्या सुमाराला येतात. आणखी काय पुरावा हवा, असं मला वाटलं. बाबांनी तर वही हातात घेऊन म्हटलं, "ही माझ्या बहिणीच्या हाताखाली शिकलेली आहे. हिची बेरीज चुकत नाही."

रविवारी बाबा जिन्यात उभे राहून म्हणाले, "बाई, जरा तुमचा फोन दाखवता का?"

"दाखवते की. बंद पडलाय का तुमचा?"

"आमचं नेट तुम्ही वापरता, असं हिचं म्हणणं आहे."

बाई हसल्या. त्यांना थट्टाच वाटली. "अहो, मला त्याचा पासवर्ड कुठाय? घ्या, बघा." आणि फोन माझ्या हातात दिला.

मी बघितलं. आपल्या वायफायचं नाव त्यांच्या फोनमध्ये कुठेही नव्हतं. बाबांनी विचारलं, "काय गं?" मी म्हटलं, "आता काढून टाकलं असेल."

हे चार शब्द तुला लिहिले नव्हते.

बाबांनी त्यांना पुढच्या महिनाअखेरपर्यंत, म्हणजे तीस नोव्हेंबरपर्यंत खोली सोडायला सांगितलं. मी पासवर्ड बदलला आणि तुला ते ऐटबाज पत्र लिहिलं. तुझं "शाब्बास" आलं. ते माझ्या टेबलाच्या खणात आहे. खण मी उघडत नाही.

नवा पासवर्ड टाकल्यावर सहावा नाहीसा व्हायला हवा होता. पण त्या संध्याकाळपासून तो पुन्हा यादीत होता, आणि त्याऐवजी 'मुंगीचा फोन' गायब. माझ्या फोनवर तर नेट व्यवस्थित चालत होतं. राउटर गोंधळलाय अशी मी स्वतःची समजूत घातली. दोन आठवडे घातली, आत्या. आमच्या प्रयोगशाळेत दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी त्याचा दिवसभर पिच्छा पुरवला असता.

काल आई म्हणाली, "माझ्या फोनवर बाळाचे व्हिडिओ येईनासे झालेत. तुझ्या दादाला सांग, पाठवत जा म्हणावं." मी म्हटलं, तुझ्या फोनवर वायफाय कुठे आहे? तर म्हणाली, "नाही कसं? तूच तर दिलास ना लावून!"

खरंच मी दिला होता. तो माझा जुना फोन. उन्हाळ्यात मी नवा घेतला, जुना आईला दिला, आणि त्याचं नाव बदलायचं राहिलं. आईच्या फोनवर नवा पासवर्ड टाकला आणि यादी उघडली. 'मुंगीचा फोन' त्याच मिनिटाला परत आला. मग माझा स्वतःचा फोन बंद केला. सहावा गेला. चालू केला. सहावा आला. चारदा करून बघितलं.

साडेआठला मीही कामाला जाते. सव्वासहाला मीही घरी येते. आठ दिवस मी स्वतःच्या जाण्यायेण्याच्या नोंदी केल्या आणि त्या दुसऱ्याच्या नावावर मांडल्या. आमच्याकडे रक्ताच्या नळीवर चिठ्ठी असली तरी समोरच्या माणसाला नाव विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, असा नियम आहे. मी तो नव्या मुलींना शिकवते.

(नेट संथ का होतं तेही कळलं. केबलवाला आला आणि म्हणाला, "फ्रीजमागे कोंडलंय राउटरला, तो बिचारा काय करणार?" बाहेर काढून ठेवला, झालं.)

आता वर बघ. मी "काल आई म्हणाली" असं लिहिलंय. त्या 'काल'वर मीच रेघ मारायला हवी, पण हात पुढे होत नाही, म्हणून इथे लिहिते. काल नाही. शनिवार, एकतीस ऑक्टोबर. अकरा दिवस झाले.

या अकरा दिवसांत काय झालं ते सांगितल्याशिवाय हे पत्र बंद करता येणार नाही.

गुरुवारी, पाच तारखेला, एका घरमालकाचा बाबांना फोन आला. बाईंनी त्यांच्याकडे खोली बघितली होती, म्हणून चौकशी. मी ताटं पुसत होते. बाबा म्हणाले, "वागायला शांत आहेत. भाड्याचा कधी तगादा लावावा लागला नाही. पण खोटं कशाला सांगू? आमचं नेट चोरून वापरत होत्या. माझ्या मुलीने पुराव्यानिशी पकडलं." आणि माझ्याकडे बघून मान डोलावली. मी एकच ताट पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी बाई जिन्यात भेटल्या. मला वाटलं तोंड फिरवतील. पण थांबल्या. "ती जागा हातची गेली गं. का, ते सांगत नाहीत. तुझ्या ओळखीत कुठे आहे का एखादी खोली?" मी बघते म्हटलं. मग म्हणाल्या, "चष्मा सारखा घसरतोय तुझा. आण इकडे." पर्समधून छोटा पेचकस काढला, जिन्यातच दांडी घट्ट केली, काचा पदराने पुसल्या आणि माझ्या नाकावर बसवून दिला. "आता कसं?" मी म्हटलं, "बरं आहे."

यापुढे "माहीत नव्हतं" म्हणायचीही सोय नाही. माहीत असून मी गप्प आहे. बाबांना घाबरून नाही, ते ओरडले तर सुटेन तरी. ते ओरडणार नाहीत. ते वही मागतील, पानं उलटतील आणि काही न बोलता परत देतील. आणि मग साठीच्या माणसाला माझ्यामुळे वर जाऊन माफी मागावी लागेल.

मी सहा वर्षांची असताना तुझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर पाढे लिहीत होते. सातचा पाढा चुकला म्हणून मी पानच फाडून गिळलं होतं. तू रागावली नाहीस. पाणी दिलंस आणि म्हणालीस, "मुंगे, आता चूक पोटात गेली. वहीत असती तर दुरुस्त करता आली असती." तू ही गोष्ट सगळ्यांना हसत सांगतेस. यंदा नको सांगूस.

तू बाबांना फोन करू नकोस. तुझ्या तोंडून कळलं तर ते माझं सांगणं होणार नाही. हे पत्र उद्या सकाळी पेटीत टाकते, म्हणजे शुक्रवारी तुझ्या हातात पडेल. मागे फिरायला मला शनिवारची सकाळ उरू नये, एवढ्यासाठीच ते तुला आधी मिळायला हवं.

शुक्रवारी जेवणाआधी वही घेऊन बाबांसमोर बसेन. त्या घरमालकांचा नंबर मी लिहून घेतलाय, त्यांनाही मीच फोन करेन. आणि वर जाईन, बाबा आले तरी, न आले तरी. बाईंनी तरीही जायचं ठरवलं तर तो त्यांचा हक्क आहे.

वर जायचं ते शनिवारी, चौदा नोव्हेंबरला, सकाळी आठ वाजता. त्या साडेआठला निघतात.

तुझी,
सहावी