चार नंबरची खुर्ची

प्रिय भाचेराव,

मंगळवार, ११ मार्च, सकाळी दहा वाजून वीस मिनिटं. त्या वेळी डायलिसिस केंद्रातल्या चार नंबरच्या खुर्चीसमोर तुझे काका आणि एक निवृत्त ड्रायव्हर असे दोघं उभे होते आणि दोघांच्या फोनवर त्याच खुर्चीचा, त्याच वेळेचा निरोप होता. वेळा देणारा प्रोग्राम तुझा. खुर्ची काकांना मिळाली, कारण त्यांची बायको, म्हणजे मी, मोठ्याने बोलते. ड्रायव्हरला घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी धाप लागली म्हणून त्यांना भरती करावं लागलं.

महिन्यापूर्वी तू मला कोड पाठवलास तो कौतुक करून घ्यायला. 'मावशी, हे मल्टिथ्रेडेड आहे, एकाच वेळी अनेक थ्रेड आपापलं काम करतात, तुमच्या काळात नसायचं.' हो रे राजा. बत्तीस वर्षं कॉम्प्युटरसमोर बसून मी काय भरतकाम करत होते? गेल्या आठवड्यात तो उघडला. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर समास सोडला नाही तर वही परत करायच्या. तुझी वही त्यांनी खिडकीतून टाकली असती. व्हेरिएबलची नावं ए, एए आणि एएए, जणू प्रोग्राम दातांच्या डॉक्टरकडे तोंड वासून बसलाय. एकच फंक्शन चौदा ठिकाणी चिकटवलंयस, त्यातही तीन प्रती वेगळ्याच.

चूक पकडायला पाच दिवस गेले. प्रत्येक पायरीची नोंद छापायला लावली की चूक गायब, कारण छापण्यात थ्रेड रेंगाळतात. नोंद काढली की हजर. शेवटी ओळ न् ओळ वाचली. खुर्ची रिकामी आहे का, हे दोन थ्रेड एकदम विचारतात, दोघांना 'हो' मिळतं आणि त्यानंतर तुझं लॉक येतं. दोघं आत शिरल्यावर तू दाराला कडी घालतोस. पहिल्या वर्षाच्या पोराची चूक आहे, तीही मी माफ केली असती. पण त्याच जागी तुझी टीप आहे, नऊ जानेवारीची: 'इथे कधीकधी एकच खुर्ची दोघांना जाते. नंतर बघू.' आणि खाली दोनशे मिलिसेकंद थांबायची सूचना. झाली दुरुस्ती.

तरीही केंद्राला तू लिहून दिलंस की नोंदणीच्या बाईंनीच दोन नावं हाताने घातली. त्यांना घरी बसवलंय, सोमवारी चौकशी आहे. त्यांच्या फाइलमध्ये तुझ्या पत्राखाली माझी तक्रारही होती. त्या दिवशी सगळ्यांदेखत मी त्यांना विचारलं होतं, डोळे आहेत की बटणं? त्या 'माफ करा, बाई' एवढंच म्हणाल्या. काल तक्रार मागे घेतली आणि त्यांच्या दारात जाऊन माफी मागितली. त्यांनी मला आत बोलावलं नाही. योग्यच केलं. आता तुझी पाळी. चूक तुझ्या प्रोग्रामची होती आणि तुला जानेवारीपासून ठाऊक होती, ही दोन वाक्यं केंद्रप्रमुखांना सहीनिशी लिही आणि त्याची प्रत शुक्रवार, २१ मार्च, संध्याकाळी पाचच्या आत मला पोचव. फोन नको, लेखी हवंय. नाहीतर सोमवारी त्या बाईंच्या शेजारच्या खुर्चीवर मी बसलेली असेन, आणि तुझ्याविरुद्ध बोलेन.

तुझीच, अजून तरी,
मावशी