तुमच्या कॉम्प्युटरमधली माझी पट्टी

सर, तुम्ही जोडलेला कॉम्प्युटर अजून आमच्या घरात आहे आणि या उन्हाळ्यात तो सारखा बंद पडत होता. काम चालू असताना पडदा एकदम निळा व्हायचा, पांढऱ्या अक्षरांत काहीतरी बिघाड झाल्याचं सांगायचा आणि आपोआप पुन्हा सुरू व्हायचा. कधी दिवसभर नीट चालायचा, कधी पासवर्ड टाकेपर्यंतही दम धरायचा नाही. बिघाडाचं नावही दर वेळी वेगळं यायचं. "आमच्या घरात" असं मी लिहिलं खरं, पण त्या घरातली बाई तुमची बायको होती आणि मुलगी तुमचीच आहे. तुम्ही गेल्यावर काही वर्षांनी तुमच्या आईनंच आमच्या लग्नाचा विषय काढला. विहारात साधं लग्न झालं, त्रिशरण पंचशील झालं, आणि तुमच्या आईनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. सगळं चारचौघांत झालं. ते तुम्हाला सांगताना मला संकोच वाटत नाही. संकोच वाटतो तो या उन्हाळ्यात मी त्या कॉम्प्युटरशी जसा वागलो त्याचा.

गडचांदूरला किराणा दुकानाच्या माडीवर तुमचा क्लास होता. सकाळी टेबलं पुसली तरी दुपारपर्यंत कीबोर्डवर जवळच्या कारखान्यातल्या सिमेंटची भुकटी बसायची, आणि खाणीत सुरुंग उडाला की खिडकीची काच थरथरायची. मुलं घाबरून हात वर घ्यायची, तुम्ही मात्र बोलत असलेलं वाक्य पुरं करायचात. मी बारावी नापास होऊन तुमच्याकडे आलो होतो. टायपिंग शिकायला म्हणून आलो आणि मशीन उघडण्यात रमलो. एकदा कोपऱ्यातला एक कॉम्प्युटर चालू होत नव्हता. मी रॅम काढून खोडरबरानं घासली, केबल बदलली, पॉवर सप्लाय दुसरा लावला, आणि तो चालू झाला. मी सगळ्या वर्गाकडे पाहिलं. तुम्ही खुर्चीवरून उठला नाहीत. "आता सांग, काऊन चालू झाला?" असं म्हणून कारण विचारलंत. मी आधी रॅमकडे बोट दाखवलं, मग पॉवर सप्लायकडे. तुम्ही म्हणालात, "चालू झाला म्हंजे सुधरला असं नसते. तीन गोष्टी एकदम बदलवल्या तुनं. आता बिघाड कोणत्या गोष्टीत होता, हे तुले जलमभर समजणार नाई. एका टायमाले एकच बदलवाची." मग सगळं पुन्हा पहिल्यासारखं लावायला सांगितलंत, बिघाडासकट. मुली हसत होत्या. माझे कान तापले होते. पण त्या दिवसानंतर मी तुमच्याकडूनच शिकायचं ठरवलं, दुसरीकडे कुठं गेलो नाही.

घरचा कॉम्प्युटर जोडायला तुम्ही मला तुमच्या घरी बोलावलंत. हॉलमध्ये पंखा नव्हता म्हणून स्वयंपाकघरात चादर अंथरून बसलो. त्या एका खोलीत सिलिंडर, पाण्याची कळशी, शिलाई मशीन आणि पाळण्यात मुलगी. तुम्ही मदरबोर्ड ठेवलात, स्क्रू माझ्या हातात दिलेत. ओट्यापाशी भाकरी थापत तुमची बायको तुम्हाला काहीतरी चिडवत होती आणि तुम्ही मान खाली घालून हसत होतात. त्या दिवशी मला पहिल्यांदा तुमचा हेवा वाटला. तिच्यामुळे नाही, तिच्याकडे मी नीट पाहिलंही नव्हतं. आमच्या घरी बाप घरात आला की सगळे गप्प बसायचे. इथं माणूस घरात असताना घरातली माणसं हसतात, हे मला नवीन होतं. संध्याकाळी कॉम्प्युटर सुरू झाला तेव्हा तुम्ही पोरीला मांडीवर घेऊन माउस तिच्या मुठीत दिलात. मला स्क्रू ड्रायव्हरचा संच दिलात, तुमचा वापरातला, एका टोकाला चिकटपट्टी गुंडाळलेला. तो मी अजून वापरतो.

पुढच्याच पावसाळ्यात धानोऱ्याकडच्या एका आश्रमशाळेत कॉम्प्युटर बसवायला गेलात आणि ताप घेऊन परत आलात. मलेरिया डोक्यात गेला असं चंद्रपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं तोवर तुम्ही कुणाला ओळखत नव्हतात. मी दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसलो होतो. तुम्ही गेल्याचं तुमच्या आईनं मला येऊन सांगितलं. क्लास बंद झाला, मी सिमेंट कारखान्याच्या ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळायच्या कामावर लागलो, तुमच्या बायकोला जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी मिळाली. बाकीचं वर सांगितलंच.

लग्नानंतर मला वाटलं होतं, माणूस राहत नाही, आठवण राहते, आणि आठवणीशी जुळवून घेता येतं. तसं झालं नाही. तुम्ही कधी चिडत नाही, घोरत नाही, बाजारातून भलतीच भाजी आणत नाही. तुमचं वय वाढत नाही. मी आता तुमच्यापेक्षा मोठा आहे, पोट सुटलंय, चष्मा लागलाय. तुम्ही होतात तेव्हा ती तुम्हाला "तुमी" म्हणायची, मी ऐकलं आहे. आता तुमच्याबद्दल बोलताना ती "तो" म्हणते. "तो वांगं खात नव्हता." "त्याले असं आवडत नव्हतं." मला मात्र ती आजही "तुमी" म्हणते, आणि इतक्या वर्षांत त्या "तुमी"तला आदर जरासुद्धा कमी झालेला नाही. तुम्हाला हसू येईल, पण त्या "तो"साठी मी काहीही दिलं असतं. पोरगी मला काका म्हणते. लग्नाआधीपासून म्हणायची, तेच पुढं चालू राहिलं. मीच म्हणालो होतो की बदलू नको. मोठेपणानं म्हणालो होतो आणि नंतर पस्तावलो.

लॉकडाउनमध्ये पोरीचे वर्ग मोबाइलवर आणि कॉम्प्युटरवर सुरू झाले. तुमचं मशीन फारच हळू चालत होतं. मी रॅमची आणखी एक पट्टी आणून तुमच्या पट्टीशेजारच्या स्लॉटमध्ये बसवली. मशीन लगेच चपळ झालं. पोरगी म्हणाली, "काका, आता तर पळून राह्यला हा." कॅबिनेटचं झाकण लावताना मला वाटलं, आता यात माझंही काहीतरी आहे. एवढ्याशा पट्टीचा केवढा अभिमान! पण तो होता.

तर या उन्हाळ्यात निळा पडदा यायला लागला. माझ्या मनात पहिला विचार आला तो दुरुस्तीचा नव्हता. म्हातारा झाला एकदाचा, असा विचार आला. मी बायकोला म्हणालो की याचं आयुष्य संपलं, यात आता जीव नाही, आपण पोरीला चांगला लॅपटॉप घेऊ. पोरगी दहावीला गेली आहे, तिला लॅपटॉपचा आनंद व्हायला हवा होता. ती म्हणाली, "नवीन नको. बाबाचाच चालू करून द्या ना, काका." तिला तुमचा चेहरा आठवत नाही. तुमचा हात लागलेली वस्तू म्हणून तिच्याकडे तो एक कॉम्प्युटर आहे. हे मला समजत होतं आणि समजूनही राग येत होता.

मग मी दुरुस्ती करायला घेतली, पण कशी? तुम्ही पाहिलं असतंत तर वर्गाबाहेर काढलं असतंत. विंडोज नव्यानं टाकलं, त्याच दिवशी ड्रायव्हर बदलले, प्रोसेसर तापू नये म्हणून लावतात ती पेस्ट काढून नवी लावली, ब्लोअरनं धूळ उडवली, ऑफिसातून पॉवर सप्लाय आणून लावला. सगळं एकदम. दोन दिवस चालला, पुन्हा निळा झाला. मी हात झटकून म्हणालो, पाहा, मदरबोर्डच गेलाय. मला ते म्हणायचंच होतं. मदरबोर्ड तुमचा होता. तो गेला की सगळंच गेलं, मग कुणी काही म्हणू शकलं नसतं.

बायको शाळेचे पेपर तपासत बसली होती. पेन खाली न ठेवता ती म्हणाली, "तुमाले तो सुधरवायचाच नाई आहे. इतके दिवस झाले पाहून राह्यली मी."

ती पेपर तपासत राहिली. मला वाटलं होतं, हे माझं मलाच माहीत आहे.

रविवारी मी कॅबिनेट खाली घेतलं, जमिनीवर चादर अंथरली आणि तुम्ही शिकवलं तसं पहिल्यापासून सुरू केलं. दर वेळी वेगळा बिघाड दिसत असेल तर आधी मेमरी, म्हणजे रॅम, पाहायची, हे तुमचंच सांगणं. पेन ड्राइव्हवर मेमरी तपासायचा प्रोग्राम टाकला. झाकण काढलं तशी पोरगी येऊन बाजूला बसली. आतल्या वायरी शिलाईच्या निळ्या दोऱ्यानं जागोजागी बांधलेल्या आहेत, पंख्यात अडकू नयेत म्हणून. तिनं त्या गाठींवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे बाबानं बांधलं?" सर, त्या गाठी माझ्या आहेत. तुम्ही त्या दिवशी पोरीला घेऊन बसला होतात, मला म्हणालात, शिलाई मशीनवरचा दोरा घे आणि बांधून टाक. मी दातांनी दोरा तोडला होता. मी पोरीकडे पाहिलं आणि "हो" म्हणालो. ती एकेका गाठीवरून बोट फिरवत राहिली. मी मनातल्या मनात इतका जळत होतो की मला स्क्रू दिसेना. पण "नाही, मी बांधलं" हे शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. आणि ते न निघाल्याचं मला आजही बरं वाटतं.

दोन्ही पट्ट्या ठेवून तपासणी लावली. थोड्याच वेळात पडद्यावर लाल ओळी यायला लागल्या. म्हणजे बिघाड मेमरीतच होता. मला आनंद झाला, खरं सांगतो. तुमची पट्टी कितीतरी उन्हाळे काढलेली, माझी त्या मानानं नवी. मी तुमची पट्टी काढून चादरीवर ठेवली आणि एकट्या माझ्या पट्टीवर तपासणी लावली. चहा करून आणला. कप हातात घेऊन पाहतो तर लाल ओळी. वाटलं, स्लॉट खराब असेल, स्लॉट मदरबोर्डवर, म्हणजे तुमचाच. माझी पट्टी काढून तुमच्या स्लॉटमध्ये लावली. तिथंही लाल. रबरानं घासली, फुंकर मारली, पुन्हा लावली. लाल. मग माझी बाजूला ठेवली आणि तुमची पट्टी आधी तुमच्या स्लॉटमध्ये आणि नंतर माझ्या स्लॉटमध्ये लावून पाहिली. दुपार कलेपर्यंत तपासणी चालली. एकही ओळ आली नाही. इतके दिवस तुमच्या मशीनला मीच आजारी पाडत होतो आणि वरून त्याला म्हातारा म्हणत होतो.

पोरीला सांगितलं की मी आणलेली पट्टी खराब निघाली. तिनं "मग दुसरी घेऊ ना" म्हटलं आणि अभ्यासाला गेली. तिच्या दृष्टीनं विषय एवढाच होता. बायको कपडे घडी घालत होती. तिला सांगताना मी उगाच हसलो, म्हणालो, शेवटी तुझा तोच जिंकला. ती घडी घालायची थांबली.

"त्याची पट्टी टिकली," ती म्हणाली. "तो टिकला का? आजारी पडला तर पाच दिवसही नाई टिकला. मी इतक्या वर्षांपासून तुमच्यासंग राहून राह्यली, तुमच्यासाठी भाकर टाकून राह्यली, आन् तुमी कोणासंग शर्यत लावून राह्यले?"

तिचे डोळे भरले होते. तिला रडताना मी तुमच्या वेळी पाहिलं होतं, त्यानंतर नाही. पण हे रडणं तुमच्यासाठी नव्हतं, सर. ती माझ्यावर चिडून रडत होती. मी तिच्या हातातल्या चादरीचं दुसरं टोक धरलं आणि आम्ही दोघांनी मिळून घडी घातली. संध्याकाळी तिनं वांग्याची भाजी केली, मला आवडते तशी, सुकी, शेंगदाण्याचं कूट घालून.

नवी पट्टी चंद्रपूरहून आणून बसवली. आता कॉम्प्युटर छान चालतो. पोरीची सहामाही त्यावरच पार पडली, एकदाही निळा झाला नाही. बायको शाळेची ऑनलाइन माहिती त्याच्यावरच भरते. मीही हे त्याच्यावरच लिहीत बसलो आहे. लिहून झालं की फाइल सेव्ह करणार नाही, कारण कॉम्प्युटर दोघीही वापरतात. तुमच्या कॉम्प्युटरवर लिहिण्याखेरीज तुमच्यापर्यंत पोचवायचा दुसरा काही मार्ग मला माहीत नाही.

जाता जाता एक सांगतो. परवा दोघी विहारात गेल्या होत्या, घरी मी एकटाच होतो. कॉम्प्युटरची काही तक्रार नव्हती. तरी मी झाकण काढलं, नवी पट्टी बाजूला ठेवली आणि तुमची तेवढी पुन्हा एकदा तपासायला लावली. त्या येईपर्यंत मी पडद्यासमोर बसून होतो. एकही लाल ओळ आली नाही, आणि मला थोडं वाईट वाटलं.