एकेचाळीस कागदांवर माझं नाव

अल मलाझ, रियाध

आदरणीय शालनताई,

हफीजाचा सलाम आणि नमस्कार, दोन्ही घ्या. गुडघा कसा आहे? वाचनालयाचा जिना चढवतो का, की तिथले उमाकांतराव अजून पुस्तकं घरी आणून देतात?

त्या सकाळी मी नेहमीसारखी कॉलेजची पॅन्ट्री पुसली, कप उकळत्या पाण्यातून काढले, ह्यांच्या किटलीत आलं ठेचून टाकलं. (ह्यांना जाऊन सहा वर्षं झाली. किटली जुबैलच्या कामगार कॅम्पातून त्यांच्या कपड्यांबरोबर आली. झाकण नीट बसत नाही, मी बदलतही नाही.) तेवढ्यात ऑफिसातली खुर्शीद आली, आपल्या रायगडची. म्हणाली, "आपा, मुदीरांनी बोलावलंय. काय करून ठेवलंस?" मुदीरा म्हणजे मी काम करते त्या मुलींच्या कॉलेजच्या मुख्य बाई.

झालं असं, की मुली कॉलेजात किती सुखी आहेत हे मोजायचं ठरलं होतं. जेवण, वर्ग, झोप, मन, सगळ्याला एक ते पाच आकडे. (मनाला साडेतीन कसे देतात, मला विचारू नका.) फॉर्म वाटून गोळा करायचं काम माझं. शेवटचा प्रश्न होता, अडचण आली की कोणाकडे जाता? शिक्षिका, समुपदेशक, मैत्रीण, की आणखी कोणी, त्यांचं नाव लिहा. एकेचाळीस मुलींनी लिहिलं, हफीजा.

मुदीरा घाबरल्या होत्या. आता सौदीकरणात, म्हणजे नोकऱ्या सौदी लोकांनाच द्यायच्या ह्या नियमात, समुपदेशकाची जागा सौदी बाईलाच द्यायची. तपासणीत हे कागद सापडले, तर कॉलेजनं चोरून भारतीय समुपदेशक ठेवलीय असंच दिसणार. माझ्या इकाम्यावर, म्हणजे इथे राहायच्या परवान्यावर, सफाई कामगार लिहिलंय, आणि तो पुढच्या महिन्यात संपतो. खुर्शीद मध्ये बसून अरबीचं मराठी करत होती. मुदीरांनी विचारलं, "मुलींना तू काय सांगतेस?"

"काही नाही. स्टुलावर बसतात, रडतात. मी चहा देते."

"आणि सल्ला?"

"साखर किती, एवढं विचारते."

खुर्शीदला हसू आवरेना. मुदीरांना आवरलं. कागद तयार झाला: मी कोणाला सल्ला देणार नाही, मुली पॅन्ट्रीत बसणार नाहीत. सही केली तरच इकामा वाढणार. मी मराठीत, पूर्ण नावानं सही केली. ताई, चौथीत शाळा सुटलेली मी. एकेचाळीस शिकलेल्या पोरींनी कागदावर माझं नाव लिहिलं, त्याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवणार नाही. ह्यांना सांगता येत नाही, म्हणून तुम्हाला सांगितलं.

तुमची,
हफीजा

ता. क. खरं सांगायचं तर पहिल्या दहाजणींनी मला विचारलं होतं, इथे नाव कोणाचं? मला अरबी बोललेलं थोडं कळतं, वाचता येत नाही. इथल्या कागदांवर कफीलचं, म्हणजे ठेवून घेणाऱ्या मालकाचं, नाहीतर कागद आणणाऱ्याचं नाव लागतं, म्हणून मी म्हटलं, माझं लिहा. उरलेल्या एकतीस मात्र त्यांच्या त्यांनी. मी तेव्हा कप विसळत होते.

ता. क. दुसरा. पत्र मुळात ह्यासाठी: वाचनालयात समुपदेशनावर मराठी पुस्तक असेल, तर माझा मुलगा हम्माद सुट्टी संपवून गावाहून इकडे परत येतोय, त्याच्याकडे द्या. इतकी वर्षं मी काय करत होते ते वाचून बघायचंय. सही केली त्यात वाचायला बंदी नाही.

आणि हो, सही केली त्याच दिवशी शेजारच्या खोलीत नव्या समुपदेशक बाई आल्या. दुआ नावाची सौदी पोर, नुकती शिकून आलेली. दिवसभर एकटी बसली, कोणी फिरकलं नाही. दुसऱ्या दिवशी मी स्टूल उचलून तिच्या खोलीत ठेवलं आणि किटलीही तिकडेच नेली.