तत्काळ रुजू व्हायला तयार

हिनकल, मैसूर
शुक्रवार, ७ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप सुमित्राअक्कांना,
जमुनाचा नमस्कार. थोरल्या भावजींचे गुडघे कसे आहेत? तुमच्या मल्हारचं वर्षश्राद्ध झाल्यापासून तुम्हाला झोप लागते का? पौर्णिमेला हिंगलाजमातेपुढं दिवे लावले, जुन्याच पणत्या धुऊन घेतल्या. बाजारात अवरेकाईच्या शेंगा आल्यात, पण तुमच्या बन्नूरच्या शेंगांचा वास नाही.

फोन सोडून पत्र का, असं वाटेल. फोनवर तुमचा आवाज आला की मी दुसरंच काहीतरी बोलत बसते. गेल्या आठवड्यात तीनदा तसंच झालं.

आमचा सुदीप परदेशातल्या नोकऱ्यांसाठी अर्ज करतोय, हे तुम्हाला ठाऊक आहे. पंपांच्या कारखान्यात तीन वर्षं तपासणी केली, तेवढाच त्याचा अनुभव. साठ अर्ज गेले, एकाचंही उत्तर नाही. तो सांगतो, तिथं बायोडेटा आधी कंप्युटर वाचतो. त्याला हवे ते शब्द सापडले तर कागद पुढं, नाहीतर टोपलीत.

गेल्या महिन्यात त्यानं जर्मनीतल्या एका कंपनीसाठी नवा बायोडेटा केला. देवापुढं ठेवायला म्हणून माझ्या फोनवरही पाठवला. मी सर्कलजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणला, एकच पान. डोळ्याच्या ऑपरेशनपासून स्तोत्रं मी फोनमधल्या बाईकडून वाचून घेते, तसं हेही लावलं. दुपारची जेवणं आटोपली होती. कागद हातात, ओळीवर बोट. बाई वाचत होती, बोट सरकत होतं. कागद संपला. बाई थांबली नाही.

बोट कोऱ्या जागेवर आणि ती वाचतच होती. दहा वर्षं पंपांची रचना. ‘मी तेरा माणसांचा गट सांभाळतो.’ माझं इंग्रजी मॅट्रिकपुरतं, पण एवढं कळतं. कोण सांभाळतो? सुदीपच्या हाताखाली तर कुणीच नाही. शेवटी ती म्हणाली, ‘मॅलहार गुंडुराव, बन्नूर. तत्काळ रुजू व्हायला तयार.’

अक्का, मी फोन उशीखाली सारला आणि बाहेर अंगणात जाऊन उभी राहिले.

संध्याकाळी सुदीपला धरलं.

“अय्यो आई, पांढऱ्या अक्षरांत घातलंय ते. माणसाला दिसत नाही, फक्त कंप्युटरला.”

“दिसत नाही म्हणून खोटं नव्हे काय रे?”

“मल्हारण्णाचं काम खोटं होतं काय?”

“त्याचं खरं. तुझं?”

तो पुटपुटला, “नाव पुसायचं तेवढं राहिलं.”

आपल्या घरात पूर्वी पांढऱ्या कापडावर मेणानं छापायचे, रंगात बुडवेपर्यंत काही दिसायचं नाही. पोरगं त्याच घरातलं.

चार दिवसांनी मेल आली. ‘डिअर मल्हार, तुमच्यासारखाच माणूस आम्ही शोधत होतो.’ खाली मुलाखतीची वेळ.

मी म्हटलं, ते शब्द काढ, स्वतः केलंस तेवढंच लिही आणि खरं कळव. त्यानं लिहिलं: ‘आधीचे शब्द माझे नव्हते, लेट मल्हार गुंडुराव यांचे होते.’ आपण लिहितो तसंच, नावाआधी ‘लेट’.

पाच मिनिटांत उत्तर. ‘मल्हार, लेट होत असेल तर काळजी नको. आम्ही तुमची वेळ बदलली आहे.’

सुदीप हसायला लागला. मग हसता हसता थांबला. त्यानं पुन्हा सरळ लिहिलं, मल्हार वारला. उत्तर आलं: ‘तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत, मल्हार. बुधवारी भेटू.’

तेव्हापासून मुलाखतीची रोज एक आठवण येते. त्याच्या नावानं.

आता, ज्यासाठी बसले ते लिहिते. सुदीपला ते शब्द मिळाले कुठून? वर्षश्राद्धाच्या दिवशी तुमच्या कपाटातून मल्हारचा पेन ड्राइव्ह मी उचलला. तुम्ही आठवडाभर घर उलथंपालथं केलंत, कामवालीला बोललात आणि मी इथून फोनवर “सापडेल हो” म्हणत राहिले. सुदीपला दिला आणि म्हटलं, बघ, काही कामाला येतंय का. एवढं शिकलेला, एवढं केलेला मुलगा, त्याचं सगळं पडून वाया जाईल असं वाटलं. मी काही टाकून देत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. पण तुमचा मुलगा म्हणजे उरलेला भात नव्हे, हे मला त्या बाईनं वाचून दाखवल्यावर कळलं.

येत्या बुधवारी दुपारी तीनला तिथली खरी माणसं पडद्यावर येतील आणि मल्हारला हाक मारतील. सुदीप समोर बसून सगळं सांगणार आहे. नोकरी जाईल, जाऊ दे. पण ‘तो नाही’ एवढे दोन शब्द त्याच्या तोंडून निघत नाहीत, रोज आरशापुढं बसतो आणि उठतो. ते मी म्हणू नये. मल्हारला बोलावलं ते मीच.

अक्का, अकराच्या बसनं याल का? तुम्ही शेजारी असलात तर तो बोलेल. नको वाटत असेल तर तसं कळवा, तो कंप्युटर उघडणारच नाही. पेन ड्राइव्ह याच पाकिटात आहे.

जाऊ असून दरवेळी खाली ‘तुमची धाकटी बहीण’ असं लिहिते. ते शब्द अजून माझे आहेत का, हे तुम्ही सांगेपर्यंत लिहीत नाही.

जमुना