हातगाडी हा शब्द

बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५

व्याही आले! सांबऱ्याच्या विमानतळावर विमान चाळीस मिनिटं उशिरा. सूनबाई हेवॉन वडिलांना बघून धावली नाही. दोघं एकमेकांसमोर वाकले, मग तिनं त्यांच्या हातातली पिशवी घेतली. बस्स, एवढंच. मलाच भरून आलं. आमच्याकडे एव्हाना रडारड होऊन चार लोक जमले असते.

आडनाव नाम. सहासष्ट वर्षं, सडपातळ, पायऱ्या चढताना कुणाचा हात घेत नाहीत. केयूर-हेवॉनच्या लग्नाला आम्ही कोरियात गेलो तेव्हा दोन दिवस भेटलेले, सूटमध्ये गप्प बसलेले. 'बाबा बँकेत होते' एवढं हेवॉननं सांगितलं होतं. मी तेवढंच गावभर सांगितलं — व्याही बँकेतले!

आमच्या केयूरला पुण्याच्या ऑफिसातून रजा मिळाली नाही. म्हणून आठवडाभर आधी सूनबाई एकटीच आली.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

मारुतीराव आले होते. ज्येष्ठ नागरिक संघाचे अध्यक्ष झाल्यापासून माणूस जमिनीवर नाही.

"वहिनी, रविवारी ह्यांचं भाषण ठेवूया की! कोरिया म्हणजे लई भारी देश बगा. पार बुडाला हुता, दोन-तीन वर्षात वर आला. आमच्या म्हाताऱ्यास्नी जरा उभारी येईल."

ठरलंच. नामसाहेब कोरियनमध्ये बोलणार, हेवॉन मला इंग्रजीत सांगणार, मी माईकवर मराठीत. केवढा आनंद झाला! किती वर्षांनी उभी राहणार. शाळेत वक्तृत्वाचा कप माझाच असायचा. कॅम्पातली ती लांब व्हरांडा असलेली शाळा, मेणाच्या पॉलिशचा वास, आणि सिस्टर म्हणायच्या, "विद्युल्लता, तुझी वाक्यं इस्त्री केलेली असतात."

आनंदला विचारलं, कुठली साडी नेसू? म्हणाला, "भाषण त्यांचं आहे ना गं?" (नवऱ्याला नावानं हाक मारणारी आमच्या शहापूरच्या गल्लीतली मी पहिली. आमच्यात आडपडदा कधी नव्हताच.)

शनिवार, १५ नोव्हेंबर

दिवसभर वाचत होते. सत्त्याण्णवच्या शेवटी कोरियाची तिजोरी रिकामी, नाणेनिधीकडे हात पसरावा लागला. मग लोकांनी घरातलं सोनं रांगा लावून देशाला दिलं. बँका बंद केल्या, मोडक्या कंपन्या मोडल्या, कायदे बदलले. २००१ला नाणेनिधीचं कर्ज मुदतीच्या तीन वर्षं आधी फेडलं! अंगावर काटा आला. मारुतीरावांनी फलक छापलाय — 'कोरियाची भरारी : एका बँक अधिकाऱ्याच्या तोंडून'.

नामसाहेब आणि आनंद सकाळी फिरायला गेले ते दोन तासांनी परतले. काय बोलतात कोण जाणे! आनंदचं इंग्रजी ऑफिसपुरतं, त्यांचं त्याहून कमी.

रविवार, १६ नोव्हेंबर

लिहू की नको? लिहिते.

हॉल भरला होता. वडगावहून, अनगोळहून लोक आले. सुरुवात फार छान झाली. नामसाहेबांनी सोन्याचं सांगितलं. त्यांच्या पत्नीनं (आता त्या नाहीत) लग्नातली अंगठी दिली. रांगेत अडीच तास उभ्या होत्या. मी ते असं सांगितलं की पहिल्या रांगेतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मागून कुणीतरी म्हणालं, "आमच्यात कोण देईल गं? लॉकरची किल्ली कुठं ठिवलीय ते न्हवऱ्याला बी सांगत न्हाय आमी!" हशा, टाळ्या.

मग ते म्हणाले — हेवॉननं एकेक शब्द स्पष्ट सांगितला — "जानेवारीत बायकोनं अंगठी दिली. जूनमध्ये सरकारनं पाच बँका बंद केल्या. त्यात माझी होती. सुधारणा बरोबर होती असं मला आजही वाटतं. फक्त ती माझ्या अंगावरून गेली. आमच्या शाखेत अकरा जण होतो. मी एकोणचाळीस वर्षांचा. नोकरी कुठेच नव्हती. मी हातगाडी घेतली. माशाच्या आकाराच्या गोड पोळ्या असतात आमच्याकडे, आत लाल चवळीसारखं पुरण. थंडीत त्या भाजायच्या, उन्हाळ्यात कणसं उकडायची. पाच वर्षं. माझ्या बँकेच्या बंद शटरसमोरच उभा राहायचो, कारण गिऱ्हाइकं ओळखीची होती."

हॉल माझ्याकडे बघत होता. पहिल्या रांगेत वकिलीणबाई, डॉक्टरांची आई, मी ज्यांना ज्यांना 'व्याही बँकेतले' म्हणाले होते ते सगळे.

मी म्हणाले, "त्यानंतर नामसाहेबांनी नोकरीच्या पाठी न लागता स्वतःचा खाद्यपदार्थांचा उद्योग उभारला."

टाळ्या!

आणि मग थांबताच येईना. ते म्हणाले, "कर्ज फिटलं त्या दिवशी टीव्हीवर सगळे हसत होते. मी गाडीवर होतो. पाऊस होता, कणसं तशीच राहिली." मी पहिलं वाक्य सांगितलं, बाकीचं गिळलं. त्या अकरा जणांचं पुढं काय झालं तेही ते बोलले, ते तर मी काढलंच नाही. नंतर त्यांना एका छोट्या पतपेढीत पुन्हा काम मिळालं, ते मात्र मी मोठ्यानं सांगितलं — "आणि पुन्हा बँकिंग क्षेत्रात पदार्पण!"

मारुतीरावांनी शाल घातली. नामसाहेब सगळ्यांसमोर वाकले. हेवॉन माझ्याकडे बघत नव्हती. दमली असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

सोमवार, १७ नोव्हेंबर

पेपरात आलं. 'बँकेतून उद्योजकतेकडे : कोरियन पाहुण्याची यशोगाथा'. फोटोत सगळ्यात मोठी मीच.

कात्रण घेऊन स्वयंपाकघरात गेले. हेवॉन कांदा चिरत होती. सुरी ठेवली, हात धुतले आणि हळू, एकेक शब्द जुळवत म्हणाली,

"आई, हातगाडी शब्द मला येतो."

मी म्हणाले, अगं तिथं लोक होते, आपल्याकडे हातगाडी म्हटलं की —

"माहीत आहे. भाजीवाल्या आण्णाप्पांची हातगाडी आहे. मी रोज जाते." मग इंग्रजीत म्हणाली, की शाळा सुटली की मी बाबांच्या गाडीपाशीच अभ्यास करायचे. वही गरम असायची. पहिला मासा माझा.

एवढं बोलून पुन्हा कांदा चिरायला घेतला. ओरडली असती तर बरं झालं असतं.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

आज दिवसभरात एकदाही 'आई' म्हणाली नाही. "चहा ठेवू?" "गॅस बंद केला." नुसतंच.

बुधवार, १९ नोव्हेंबर

आण्णाप्पा सकाळी भाजीची गाडी घेऊन आला. हा पूर्वी वडगावचा विणकर, घरात दोन माग होते. माग भंगारात गेले तेव्हापासून भाजी. गेल्या वर्षी हेवॉन चार महिने इथं होती तेव्हा तिला अर्धं मराठी त्यानंच शिकवलं. म्हणून ती कोथिंबिरीला 'कोथमीर' म्हणते.

मला बघताच म्हणाला, "काय वो आक्का! पावण्यांची बी गाडीच व्हती म्हणं? सूनबाई सांगालती. आनि पेपरात कायतरी उद्योगबिद्योग छापलंय!"

"तसंच छापतात ते."

"छापत्यात, पण सांगितलं कुनी? गाडी म्हंजे काय चोरीचा माल हाय व्हय?" हसला. माझ्याच्यानं हसवेना.

तेवढ्यात नामसाहेब खाली उतरले. गाडीपाशी उकिडवे बसले, चाक हातानं फिरवून बघितलं, कान लावला. आण्णाप्पाला खुणेनं सांगितलं — डावीकडचं चाक ओढतंय. आण्णाप्पा तर खूशच! "बगा, जातीवंत गाडीवाला!" दोघांनी मिळून गाडी कोपऱ्यापर्यंत ढकलत नेली. माझे व्याही. गल्लीतून. पायात घरातल्या सपाता.

मी खिडकीतून बघत होते. आणि खरं लिहायचं तर — मी त्यांच्याकडे बघतच नव्हते. समोरच्या घरांत कोण कोण उभं आहे ते मोजत होते.

शी!

गुरुवार, २० नोव्हेंबर

हे पहिल्यांदा नाही, हे मला माहीत आहे.

माझे बाबा शहापूरच्या मागावरच्या साड्यांचं गाठोडं सायकलला बांधून खेडोपाडी विकायला जायचे. शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय लिहायचा होता. मी नऊ वर्षांची. लिहिलं — टेक्सटाईल मर्चंट. सिस्टरनी स्पेलिंगचं कौतुक केलं. बाबांना घरी येऊन अर्थ सांगितला तर ते इतके हसले! आईला हाक मारून म्हणाले, "ऐकलंस का, आम्ही मर्चंट हाय." त्यांना वाटलं लेक गंमत करतेय. मी गंमत करत नव्हते. ते एकदा दुपारी वाटेत म्हणून शाळेपाशी थांबले, धुळीनं माखलेले, तर मी चॅपलच्या बाजूनं निघून गेले. ते तास-दीड तास उभे होते. घरी आल्यावर म्हणाले, "चुकामूक झाली गं."

चुकामूक! आज सत्तावन्न वर्षं झाली. अजून तो शब्द ऐकवत नाही.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

नामसाहेबांना सांगितलं. गच्चीवर बसले होते. मी इंग्रजीत, सोप्या वाक्यांत, शाळेतल्या मुलीसारखी उभी राहून. मी तुमचे शब्द बदलले. मला लाज वाटली. तुमची नाही... नाही, तुमचीच. आणखी एक खोटी सारवासारव नको.

त्यांनी शेजारची खुर्ची माझ्याकडे सरकवली. मग म्हणाले, "माहीत आहे. 'उद्योग' हा शब्द चार वेळा ऐकला. मी हेवॉनला अर्थ विचारला." आणि हसले. "माझी बायको बहिणीला सांगायची की माझी दुसऱ्या शहरात बदली झालीय. बहीण एकदा गाडीवर आली, दोन मासे घेतले, पैसे दिले. कुणीच कुणाला ओळख दाखवली नाही."

"तुम्ही बायकोवर रागावला नाहीत?"

"तेव्हा बोललोच नाही. आता विचारायला ती नाही."

मी खाली आले. आनंद जिन्यातच उभा होता. ऐकलं असेल का?  माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि वर त्यांच्याकडे गेला.

रविवार, २३ नोव्हेंबर

संघात आज या महिन्यातल्या वाढदिवसांचा कार्यक्रम. मारुतीरावांना दोन मिनिटं मागितली.  केक कापायची सुरी हातात धरून लोक थांबलेले.

म्हणाले, गेल्या रविवारी मी खोटं भाषांतर केलं. उद्योग नाही, हातगाडी. पाच वर्षं, बंद बँकेच्या दारात. अकरा जण होते. त्यांतले दोघं पुढं जगले नाहीत. हे नामसाहेबांनी सांगितलं होतं, मी गाळलं. कर्ज फिटलं त्या दिवशी त्यांची कणसं खपली नव्हती, तेही गाळलं.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. वकिलीणबाई पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या. मारुतीराव म्हणाले, "असूंदे हो वहिनी, चालतंय की! हातगाडी म्हंजे उद्योगच की वो!" आणि सगळे सुटल्यासारखे हसले. मला त्यांचा राग आला, मग वाटलं, आठ दिवसांपूर्वी मीच हे वाक्य त्यांच्या हातात दिलंय.

पण मागच्या रांगेतला भावकू — आनंद ज्या कारखान्याच्या ऑफिसात होता, तिथंच फिटर होता — तो हसला नाही. उठून नामसाहेबांपाशी गेला आणि त्यांचा हात धरून नुसता उभा राहिला. मग आनंदच्या खांद्यावर थोपटून बाहेर गेला.

घरी आल्यावर हेवॉन म्हणाली, "आई, थालीपीठ लावू?" मी तोंड फिरवून हो म्हणाले.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

सांबऱ्याला नामसाहेबांना सोडून आलो. आत जाताना माझे दोन्ही हात धरून म्हणाले, "आनंदसाहेबांना जपा. मला निदान गाडी होती. त्यांच्याकडे आठ महिने नुसती बस. संकेश्वर, आणि परत."

मला कळेना. घरी आल्यावर विचारलं. आनंद बूट काढत होता, मान वर केली नाही.

"कारखान्यानं मला मार्चातच काढलं होतं गं. २००२च्या. तुला नोव्हेंबरात सांगितलं, स्वेच्छानिवृत्ती घेतली म्हणून. तोवर कारखान्यानं काढताना दिलेल्या पैशांतूनच दर महिन्याला पगार म्हणून आणून देत होतो. दिवसभर संकेश्वरच्या स्टँडवर बसायचो. तुला कसं सांगणार होतो?"

ते आठ महिने रोज सकाळी मी त्याला डबा भरून दिला. भाजी नेहमी कोरडी — ऑफिसच्या कागदांवर सांडायला नको म्हणून.