मालकांचे नाव

प्रिय आदिती हिस,

तुला व घरातील सर्वांना आशीर्वाद. हे पत्र सावकाश वाचावेस. मी तीन दिवस सकाळी बसून ते लिहिले आहे. फोनवर तू प्रकृती विचारतेस, मी 'उत्तम' म्हणतो आणि बोलणे संपते. जे उत्तम नाही ते तोंडाने सांगणे मला कधी साधले नाही. माझे शिक्षण चौथीपर्यंतच झाले, तरी शुद्धलेखनासाठी मी एकदाही छडी खाल्ली नाही. तेव्हा जे कळवायचे आहे ते लिहूनच कळवतो.

प्रथम एक खोटे दुरुस्त करतो. तुझ्या आईचे पाय दुखतात म्हणून तिला कोल्हापूरला मावशीकडे पाठवत नाही, असे मी गेली दोन वर्षे तुला सांगत आलो. तिचे पाय उत्तम आहेत. तिची स्मृती जात आहे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पण त्यांनी ती परत येणार नाही हेही सांगितले. रोज फिरवून आणा, एवढेच माझ्या हाती ठेवले.

त्याप्रमाणे आम्ही दोघे रोज सकाळी मलकापुराला फेरी घालतो. घरातून निघून एस.टी. स्टँडवरून पेठेत, पेठेतून पुलावर, आणि पूल ओलांडला की टेकडी. तुझ्या लहानपणी ही फेरी पाऊण तासाची होती. आता अडीच तास लागतात. कारण तुझी आई प्रत्येक दुकानासमोर उभी राहते आणि फळी न् फळी नव्याने पाहते. पेठेत मी तिचा हात धरतो. मी भात गिरणी चालवत होतो तेव्हा या पेठेत मान वर करून चालत असे. बायकोचा हात धरून चालेन असे कोणी सांगितले असते तर त्याच्याशी बोलणे सोडले असते. सायकलवाले जोतीराम पहिल्या दिवशी दुकानातूनच ओरडले, "काय तात्यासो, ह्या वयात फिरायला न्हेताय व्हय वैनीस्नी? आमच्या हिनं बघिटलं तर माझं अवघड हाय की." लोक हसले. मी हात सोडला नाही. दुसऱ्या दिवसापासून जोतीराम आम्हाला पाहून उठून उभे राहतात. त्यांची ती थट्टा बरी होती असे आता वाटते.

टेकडीवर मात्र तिला बरे वाटते. पायवाटेच्या मध्यावर जांभळाचे झाड आहे, तिथे दगडावर आम्ही बसतो. खाली भाताची खाचरे, कौले, रत्नागिरीकडे जाणारा रस्ता, सगळे दिसते. ती मला विचारते, "हे गाव कुठलं म्हणायचं?" मी सांगतो, मलकापूर. "बरं हाय. पर आमची मुडशिंगी ह्याच्यापरास मोठी." माहेरची गडमुडशिंगी सोडून या गावात तिने अठ्ठेचाळीस वर्षे काढली आहेत. काही दिवस ती मला ओळखते आणि गोळी घेतली का म्हणून दटावते. काही दिवस ओळखत नाही. मग पदर सावरून, जरा अंतर ठेवून बसते आणि अदबीने विचारते, "पावणं, तुमची मंडळी न्हाईत आली संगं?" मी 'आल्या आहेत' एवढेच म्हणतो.

आता मागच्या महिन्यात जे घडले ते लिहितो. बाजारचा दिवस होता. औषधाच्या दुकानात गर्दी होती म्हणून तिला बाहेर बाकावर बसवून मी आत गेलो. पाच मिनिटेही झाली नसतील. बाहेर आलो तर बाक रिकामा. मी स्टँड पाहिला, पूल पाहिला, टेकडीवर जांभळापर्यंत चढलो, उतरलो, पुन्हा चढलो. लोक 'काय शोधताय' विचारत होते आणि मी, आदिती, 'काही नाही' म्हणत होतो. बायको हरवली हे शब्द मला उच्चारता आले नाहीत. दोन तास मी त्यात घालवले. शेवटी जोतीरामांनी माझा चेहरा पाहून स्वतःच माणसे पिटाळली.

ती रत्नागिरीकडच्या गाडीत बसली होती. पंचाहत्तरी उलटली असे समजून वाहकाने फुकटचे तिकीट दिले. घाटाआधीच्या आंबा गावी चहाला सगळे उतरले तशी तीही उतरली आणि मागेच राहिली. तिथल्या चहावाल्या बाई, संयोगिता त्यांचे नाव, फार भल्या. त्यांनी तिला बसवले, चहा पाजला, गाव विचारले. तिने गडमुडशिंगी सांगितले. वडिलांचे नाव विचारले, ते मोकळेपणाने सांगितले. पण मुडशिंगीत त्या नावाचे आता कोण उरले आहे? म्हणून त्यांनी मालकांचे नाव विचारले. तुझ्या आईने तोंडाला पदर लावला आणि मान हलवली. बाई म्हणाल्या, "अवो आजी, नाव सांगिटल्याबिगर घरी कसं पोचवू? बरं, उखाण्यात तरी घ्या की." चहा प्यायला बसलेली माणसेही आग्रह करू लागली. तेव्हा तिने उखाणा घेतला. मी नंतर आभार मानायला गेलो तेव्हा संयोगिताबाईंनी तो मला जसाच्या तसा सांगितला: "भाताच्या खाचरात पाणी आलं वाहून, ह्यांचं नाव घेते टेकडीकडं पाहून." उखाणा पूर्ण आणि नावाच्या जागी 'ह्यांचं'. आंब्याच्या चहूकडे टेकड्याच आहेत. सूर्य मावळेपर्यंत ती त्या बाकावर बसून होती. परतीच्या गाडीच्या वाहकाने तिला मलकापूरच्या पेठेत माझा हात धरून चालताना पाहिले होते, म्हणून ती घरी आली.

त्यानंतर मी तिच्या गळ्यात अडकवायला एक कार्ड केले. स्वच्छ अक्षरात माझे नाव, तात्यासो, आणि खाली पत्ता, फोन. पाटी बांधून फिरवायला ती काय जनावर आहे, असे महिन्यापूर्वी मीच म्हटले असते. ते कार्ड पहिल्या दिवशी देवघरात सापडले, हळदकुंकू वाहिलेले. शेजारच्या बयाबाईंनी तिला वाचून दाखवले होते की त्यावर मालकांचे नाव आहे. आता रोज बांधतो, रोज ती काढून देवापाशी ठेवते. पदराला टाचले तर टाका उसवते.

म्हणून फेरीत मी तिच्याकडून नाव म्हणवून घेऊ लागलो. स्टँडवर विचारतो, पुलावर विचारतो. ती तोंडाला पदर लावते. परवा जांभळाखाली बसलो असताना मी हात जोडले आणि म्हणालो, रत्ना, एकदा म्हण. त्या दिवशी मी तिच्या ओळखीचा नव्हतो. ती माझ्याकडे वाकली आणि कोणी ऐकू नये अशा आवाजात म्हणाली, "न्हाई पावणं. ते घ्याचं नस्तंय. आमचं मालक रागावत्यात." आदिती, घर विसरली, गाव विसरली, मला विसरली. माझा राग विसरली नाही. मी काय करू हे मला खरोखरच कळत नाही.

नऊ वर्षांपूर्वी तू लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आलीस. पंगत बसली होती आणि तू जावईबापूंना 'वृषभ, ताक घे' म्हणालीस. मी भरल्या ताटावरून उठलो. या घरात मालकाचे नाव घेतले जात नाही, असे पाहुण्यांसमोर सुनावले. तुम्ही दुपारच्या गाडीने गेलात, आणि त्यानंतर आईला भेटायला तू मावशीकडे आलीस, इथे कधी आली नाहीस. मी बोलावले नाही. आता बोलावतो आहे. मी सांगून ती नाव घेणार नाही, कारण न घेण्यास मीच सांगितले होते. तुझे ती ऐकेल. जावईबापूंना घेऊन ये, तिच्यासमोर त्यांना नावाने हाक मार, जितक्या वेळा मारावीशी वाटेल तितक्या वेळा. मग मला समोर बसव आणि तिला म्हणायला लाव, तात्यासो. मी ताटावर बसलेलो असेन तरी उठणार नाही.

तुझाच,
आप्पा