सुलभासाठी विमानाचं दार

मुर्री, १७ जानेवारी २००९

घरी बांधतोय त्या विमानाचं दार आज मोठं केलं. माझ्या बायकोचा, सुलभाचा गुडघा दुखतो, जुन्या दारातून तिला आत शिरता येईना. वेल्डर सदूभाऊ म्हणाले, "दाराच्या आड येते ते मधली नळी काप ना, कायले घाबरून राहिला?"

पण पंखांचा भार तीच नळी पेलते. ती गेली तर तो भार घेणार कोण? मी हटून बसलो. आधी दाराभोवती जाड नळ्यांची चौकट जोडून घेतली, मगच ती नळी कापली.

उडताना हवा पंखांना वर ढकलते, तसाच जोर लावून पाहायला दुपारी विमान पालथं करून पंखांवर तांदळाची पोती रचली. चौकट जराही वाकली नाही! विमान सरळ केल्यावर सुलभा आत बसली.

"एवढं पक्कं आहे, त पहिल्या खेपेले मले घेऊन चाला."

"पहिल्यांदा मी एकटाच."

मग बाई उतरायलाच तयार होईना.